इम्युनिटी वाढवायच्या आधी नळाचं पाणी बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इम्युनिटी वाढवायचे मेसेज यायला लागतात, हा काढा घ्या, ती पावडर घ्या, महिन्याभरात इम्युनिटी डबल. आधी मीसुद्धा ते फॉरवर्ड करायचे. पण जानेवारी 2025 मध्ये आमच्या घरात जे झालं त्यानंतर हे शब्द वाचले तरी पोटात गोळा येतो, म्हणून हे पत्र.

आम्ही धायरीत राहतो. भावजींना, म्हणजे यांच्या धाकट्या भावाला, दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले, सगळे विसरूनही गेलो. आठवड्याभराने एका सकाळी म्हणाले, वहिनी पायाला मुंग्या येतायत. आम्हाला वाटलं थंडीने असेल. संध्याकाळी जिना चढताना त्यांची एक चप्पल निसटून दोन पायऱ्या मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही, एका पायात चप्पल घेऊनच वर आले. दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लागेना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली तर पाय जागचा हलला नाही, आणि तेव्हा जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार, हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. नंतर कळलं की सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला सगळीकडे असेच पेशंट निघतायत.

तिथल्या एका तरुण डॉक्टरने पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून आम्हाला समजावलं. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू पोटात जातो. पांढऱ्या पेशी लगेच त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्याच्या अंगावरच्या खुणा ओळखून त्याला नेमक्या चिकटणाऱ्या अँटीबॉडी तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. एरवी इथे विषय संपतो. पण या जंतूच्या बाहेरच्या आवरणावरची साखरेची साखळी आणि आपल्या नसांवरची साखळी काही वेळा इतकी सारखी दिसते की त्याच अँटीबॉडी नसांना जाऊन चिकटतात आणि शरीर स्वतःच्याच नसा खराब करायला लागतं. म्हणून जुलाब बरे झाल्यावर पाय जातात. अशक्तपणा खालून वर चढत जातो, छातीच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. म्हणजे भावजींची इम्युनिटी कमी नव्हती हो, ती जोरात काम करत होती, फक्त चुकीच्या जागी.

त्यांना पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, शिरेतून दिलं, वजनाच्या दर किलोला एकूण 2 ग्रॅम. ते हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातल्या प्लाझ्मामधून काढतात. लोकांच्या अँटीबॉडींनी भावजींच्या अँटीबॉडींना आवर घातला असं मी तरी समजते आणि प्रत्येक रक्तदात्याला मनातून हात जोडते. चार महिने फिजिओथेरपी झाली, आता ते स्वतः स्कूटर चालवतात.

डेंग्यूचंही तेच. त्याचे चार प्रकार आहेत, एकदा एका प्रकारचा होऊन गेला आणि पुढे दुसऱ्या प्रकारचा झाला तर आधीच्या अँटीबॉडी विषाणूला मारायच्या ऐवजी त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात आणि आजार जास्त गंभीर होऊ शकतो. मग डबल इम्युनिटी म्हणजे नेमकं काय डबल करायचं? काढा प्यायला माझी हरकत नाही, सर्दीत घसा शेकला जातो, आमच्याकडे सासूबाई अजून करतात. पण शरीराला एखादा जंतू आधीच ओळखायला शिकवायचं काम लस करते, गोवर धनुर्वात यांच्या लसी आपण पोरांना देतोच, आणि जुलाबाचा जंतू पोटात जाऊच द्यायचा नाही हे काम स्वच्छ पाणी करतं. पावडरच्या डब्यावर हजार रुपये घालवणाऱ्या घरात टाकी शेवटची कधी धुतली ते कुणाला सांगता येत नाही, हे मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलंय. टँकर येतो, टाकी भरतो, निघून जातो, क्लोरीन आहे का कुणी विचारत नाही. मी कमिटीला दोनदा लेखी विचारलं, उत्तर नाही.

खरं तर तपासणी अगदी सोपी आहे. आरोग्य कर्मचारी ओटी टेस्ट करतात, नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिन (ओटी) या रसायनाचे दोन-चार थेंब टाकले आणि पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर नाही. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. त्या जानेवारीपासून आमच्याकडे पिण्याचं पाणी खळखळ उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही, पण टँकरवर जगणाऱ्या अख्ख्या पट्ट्याने रोज गॅस जाळून पाणी उकळत बसायचं का?

म्हणून एक विनंती. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत किती टीएमसी पाणी आहे ते तुम्ही पावसाळ्यात रोज छापता आणि आम्ही चहा घेताना सगळ्यात आधी तेच बघतो. त्याच चौकटीत खाली एक ओळ वाढवा, आज कुठल्या भागातल्या नळाला आणि टँकरला क्लोरीन किती सापडलं. महापालिकेकडून आकडे मागून घ्या, मिळाले नाहीत तर मिळाले नाहीत असं छापा.

आपली,
एक नियमित वाचक, धायरी, पुणे