अवसेला चांदणे कुठून आले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एका मराठी वाहिनीवर सध्या रात्री साडेदहा वाजता कोकणातल्या एका वाड्यावरची भुताटकीची मालिका सुरू आहे. आमच्या घरी ती नेमाने पाहिली जाते आणि तिच्यातल्या भुताविषयी माझी काहीच तक्रार नाही, हे आधीच सांगते. भूत आहे असे एकदा धरून चालल्यावर ते भिंतीतून येईल नाहीतर विहिरीतून, त्याची मर्जी. तक्रार आहे ती ते लिहिणाऱ्या आणि चित्रित करणाऱ्या जिवंत माणसांविषयी.

मध्यंतरी एका भागात घरातल्या आजी “आज अवस आहे, तिन्हीसांजेनंतर कोणी बाहेर पडू नका” असे बजावतात आणि पुढच्याच दृश्यात नायिका परसातल्या विहिरीकडे निघते, तेव्हा माडाच्या झावळ्यांआडून परातीएवढा चंद्र वर आलेला दिसतो. अमावास्येला चंद्र सूर्याच्याच जोडीने उगवतो आणि मावळतो. रात्री तो आकाशात नसतोच. माझ्या सासूबाई कुडाळकडच्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अवसेक चांदणा खयसून इला?” आणि आम्हा सगळ्यांना हसू फुटले. अवसेची भीती ही काळोखाची भीती असते. नायिकेच्या साडीचे काठ मोजता येतील इतके चांदणे पडल्यावर कोण कशाला घाबरेल?

याच मालिकेत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीला ‘कार्तिक अमावास्या’ म्हटले गेले. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला येते आणि पाडव्याला कार्तिक लागतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे तीच रात्र तिकडे कार्तिकात मोजतात. संवाद आधी हिंदीत लिहून मग मराठीत उतरवले जात असावेत, अशी शंका येते ती यामुळेच. मुंजाचेही तसेच. मुंज झालेला पण सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, आणि त्याचा वास पिंपळावर, हे कोकणातले शेंबडे पोरही सांगेल. इथला मुंजा वडावर राहतो आणि त्याला बायको व दोन मुले आहेत!

पूर्वकथा १९७८ सालची आहे. तीत गावाच्या वेशीवर ‘जि. सिंधुदुर्ग’ अशी पाटी आहे; तो जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. पाटीजवळ उभ्या असलेल्या जीपचा क्रमांक ‘एमएच ०७’ने सुरू होतो, ती पद्धत १९८९ नंतरची. आणि नायकाचे वडील मुंबईहून येतात ते थेट कुडाळ स्थानकावर रेल्वेतून उतरतात. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. त्या काळी सासूबाई परळहून रात्रभराच्या एसटीने, मांडीवर मूल आणि पायाशी ट्रंक घेऊन गावी जात असत, त्यामुळे हा प्रसंग त्यांना विशेष लागला.

आणखी एक. आपल्याला पाराबाहेर पाऊल टाकता येत नाही, असे सुरुवातीच्या एका भागात मुंजा स्वतःच सांगतो आणि तेवढ्यासाठी सबंध आठवडाभर गावकरी त्या पारालाच खेटून बसतात. पुढे तोच मुंजा लालबागच्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा असतो. तो तिथवर कसा पोहोचला याचा खुलासा आजतागायत झालेला नाही. नायकाची डाव्या भुवईवरची खोक चहा पिताना उजवीकडे जाते आणि डॉक्टर येईपर्यंत परत डावीकडे येते, ते सोडून देऊ. रोज एक भाग द्यायचा म्हणजे धावपळ होते, हे मला कळते. पण चित्रीकरणाच्या जागी एक पंचांग टांगायला आणि मागच्या भागांची वही सांभाळायला एक माणूस नेमायला कितीसा खर्च येतो?

तूर्त सासूबाई साडेदहाला मालिका लावण्याआधी कालनिर्णय खाली काढून तिथी पाहून ठेवतात.

आपली,
एक नियमित वाचक, गिरगाव, मुंबई