विलगीकरणातल्या माणसाला झोप लागते का, हेही विचारा
(आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र)

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

साथीचा आराखडा म्हटलं की खाटा, ऑक्सिजन, रुग्णवाहिका आणि औषधांचा साठा यांची यादी पुढे येते. ती हवीच. पण कोरोनात आमच्या पाटण तालुक्यातले कितीतरी बाधित दवाखान्यात नव्हतेच. ते घरात होते. कुणी मागच्या खोलीत, कुणी पडवीत, कुणी रानातल्या शेडमध्ये. त्यांच्या तापाची नोंद झाली. त्यांना वाटणाऱ्या भीतीची नोंद कुणी ठेवली नाही. पुढच्या आराखड्यात ती ठेवली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. मे २०२० मध्ये मुंबईची माणसं गावी परतली. आमच्याकडे बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी तिकडे माथाडीत नाहीतर मार्केटात असतंच. हातावर शिक्के मारून त्यांना शाळेच्या खोल्यांत ठेवलं, आणि ज्यांची बायकापोरं हाकेच्या अंतरावर होती त्यांनाही लांबूनच बघावं लागलं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा आशाताईंबरोबर मीही वाड्यावस्त्या फिरले. ताप किती, ऑक्सिजन किती, बीपी-शुगर आहे का, सगळं विचारायचो. झोप लागते का, जेवण जातं का, छातीत धडधडतं का, हे लिहायला मला रकाना मिळाला नाही. माणसं मात्र न विचारताही तेच आधी सांगायची.

दुसऱ्या लाटेतलं एक घर सांगते. वडापची, म्हणजे सीटवर प्रवासी घेणारी, गाडी चालवणारा, चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस. त्याने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर ऑक्सिमीटरचे आकडे लिहून ठेवले होते. ९७, ९६, ९८, ९७. शेजारी वेळ. दिवसा तासातासाने, आणि रात्री दोननंतर दर पाच-दहा मिनिटांनी. एकही आकडा ९५ च्या खाली नव्हता, तरी तो म्हणत होता, “बाई, श्वासच पुरत नाही.”

तो खोटं बोलत नव्हता. माणूस घाबरला की श्वास उथळ आणि भरभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, गरगरतं, छाती आवळल्यासारखी होते. ऐन कोरोनात, बंद खोलीत, एकट्या माणसाने हे कशाचं लक्षण समजावं? त्यात बोट गार पडलेलं असलं तर ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवू शकतो, आणि तो कमी आकडा बघून धडधड आणखी वाढते.

त्याला सावरलं ते गावातल्या आशाताईंनी. हात चोळून गरम करा, टेकून शांत बसा, मग मोजा. दिवसातून चार वेळा पुरे, झोपेतून उठून मोजू नका. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ घ्या. आकडा ९४ च्या खाली गेला, तर मात्र रात्र असो की पहाट, लगेच फोन करा. आपल्याच आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणीही त्यांनी करून घेतली. चालूनही आकडा घसरला नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आशाताई अंगणातून हाक मारायच्या. व्हॉट्सॲपवर उठल्यासुटल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत होतं, म्हणून घरच्यांनी त्याला साधा फोन दिला. पेरणीचे दिवस जवळ आले होते, तर बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवलं. हाताला काम आणि संध्याकाळी कुणीतरी येणार ही खात्री मिळाल्यावर तो झोपायला लागला. त्या आशाताईंना हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या वाडीत तशी बाई नव्हती, तिथल्या माणसाचं काय झालं असेल?

२५ मे २०२१ रोजी सरकारने सातारा, सांगलीसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. संसर्ग थांबवायचा होता, हेतू मला समजतो. पण ‘उचलून नेतील’ या धास्तीने ताप लपवणारी घरं मी पाहिली आहेत. भीतीचा विचार न करता काढलेला आदेश असा उलटतो.

हे चार भित्र्या माणसांचं रडगाणं नव्हे. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारी मानसोपचाराचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे, चोवीस तास. तो चांगलाच आहे, मी लोकांना देते. पण कोयनेच्या खोऱ्यातल्या अनेक वाड्यांत रेंजसाठी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, चढावं लागतं. विलगीकरणातल्या माणसाने तिथे कसं जायचं?

म्हणून मागणी एवढीच आहे, की विलगीकरणाच्या रोजच्या नोंदीत ताप आणि ऑक्सिजनच्या शेजारी झोपेचा आणि घाबरेपणाचा रकाना यावा, आणि त्यात ‘होय’ लिहिलं गेलं तर पुढे कुणी काय करायचं हेही त्याच कागदावर छापलेलं असावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरल्या वारी ग्रामीण रुग्णालयात बसावं, साथ नसतानाही. ओळखीच्या डॉक्टरकडे माणूस मन मोकळं करतो. साथ आल्यावर अचानक नेमलेल्या अनोळखी आवाजाकडे नाही. आणि जिथे रेंज नाही तिथे अंगणात येऊन हाक मारणारं माणूस नेमलेलं असावं.

ते माणूस म्हणजे पुन्हा आशाताईच असणार, हे उघड आहे. ऐन साथीत, १५ जून २०२१ पासून, याच आशाताईंना मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं. तेव्हा रकाना छापण्याआधी तो भरणाऱ्या बाईच्या मोबदल्याची तरतूद अर्थसंकल्पात करा, आणि ती केल्याचं आम्हाला कळवा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा