शीडनौकांच्या विंच हंगामाआधी उघडून साफ कराव्यात

महोदय,

नौदलाच्या 'तारिणी' या शीडनौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या धैर्याचे सर्वत्र कौतुक झाले. अशा सफरीत रोज हाताखाली येणाऱ्या विंचबद्दल, म्हणजे शिडांच्या दोऱ्या ताणण्याच्या हातयंत्राबद्दल, मात्र फारसे लिहिले जात नाही. मुंबईच्या बंदरात वीस-तीस फुटी होड्या हाकणाऱ्यांनाही ती तितकीच आवश्यक असते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेल्या या होड्या आता पुन्हा पाण्यात उतरतील. त्याआधी त्यांच्या विंचकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

वाऱ्याने भरलेल्या शिडाची दोरी नुसत्या हाताने ओढता येत नाही, म्हणून ती विंचच्या ड्रमला तीन-चार वेढे देऊन हँडलने ताणतात. विंचचा क्रमांक म्हणजे ती हाताचा जोर किती पट करते तो आकडा; सोळा क्रमांकाच्या विंचवर वीस किलोचा जोर लावला, तर हिशेबाने दोरीवर सुमारे तीनशेवीस किलोचा ताण यायला हवा. परंतु आत मीठ साचलेले असेल आणि जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असेल, तर त्यातला बराच भाग घर्षणातच वाया जातो. विंच जड फिरते तेव्हा नवशिक्या मुलामुलींना आपल्याच दंडांत बळ नाही असे वाटू लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. ड्रम उलटा फिरू नये म्हणून आत पॉल नावाचे छोटे धातूचे तुकडे असतात आणि बारीक स्प्रिंग त्यांना दातेरी कड्यावर दाबून धरतात. विंच फिरवताना ऐकू येणारी टकटक त्यांचीच. या पॉलना ग्रीस फासले की ते आपल्या खाचेत चिकटून बसतात, दातांत अडकत नाहीत आणि ताणलेली दोरी ड्रमला एकदम मागे फिरवते. अशा वेळी हँडल उलटे गरगरून मनगटावर किंवा तोंडावर बसू शकते. म्हणून दातेरी चाकांना व बेअरिंगला विंचसाठीचे ग्रीस, तेही पातळ थरानेच, आणि पॉल व स्प्रिंगना केवळ हलक्या तेलाचा थेंब, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. 'जितके ग्रीस जास्त तितके चांगले' ही समजूत अनेक ठिकाणी आढळते आणि ती घातक आहे.

काम अवघड नाही, फक्त सवड हवी. तळाला विंचएवढे भोक पाडलेले पुठ्ठ्याचे खोके आधी विंचभोवती बसवावे, म्हणजे उडालेली स्प्रिंग समुद्रात जाणार नाही. मग वरची सर्क्लिप (ड्रम जागेवर धरणारी लवचीक कडी) किंवा स्क्रू काढून ड्रम सरळ वर उचलावा; बेअरिंग कित्येकदा त्यालाच चिकटून वर येते, तेवढी काळजी घ्यावी. सुटे भाग निघतील त्या क्रमाने फडक्यावर मांडून त्यांचे छायाचित्र घ्यावे, रॉकेलमध्ये जुन्या ब्रशने धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. रॉकेल समुद्रात ओतू नये, हे वेगळे सांगायला नको. पॉलच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर ते बदलावेत. स्प्रिंग इतक्या स्वस्त असतात की त्या दर वेळी नव्याच घालाव्यात. बैठकीतील पाणी वाहून जाण्याची छिद्रे मोकळी आहेत ना, हेही पाहावे, कारण तिथे तुंबलेले खारे पाणीच पुढची गंज सुरू करते.

वर्षातून एकदा विंच पूर्ण उघडणे आणि प्रत्येक फेरीनंतर ती गोड्या पाण्याने धुणे एवढे केले, तर ती पुष्कळ वर्षे टिकते. शीडनौकायन शिकवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे, की गाठी आणि वाऱ्याच्या दिशा यांच्याबरोबर हे कामही प्रशिक्षणार्थींकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. प्रत्येक होडीच्या नोंदवहीत विंच शेवटची कधी उघडली याची तारीख असावी, आणि जोडणी झाल्यावर ड्रम हाताने मागे ढकलून तो जराही हलत नाही, याची खात्री झाल्याशिवाय ती होडी बाहेर काढू देऊ नये.

– एक नौकायनप्रेमी वाचक, कुलाबा, मुंबई