डिस्क निघाली, फोल्डर मात्र उरलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे असतो, त्यात वीज जाते-येते. सर्व्हर रूममधला एसी बंद पडला की हार्ड डिस्कचे हाल सुरू होतात. एक्स-रे, पतसंस्थांचे दस्तऐवज, सीसीटीव्हीचं चित्रीकरण असा माल अनेक सर्व्हर एकत्र जोडून, प्रत्येक फाइलच्या ३ प्रती करून ठेवता येतो. एखादी डिस्क गेली तर अशा रचनेला ते सोसतं. पण डिस्क गेल्याचं सॉफ्टवेअरला कळलंच नाही, तर सोसत नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे त्या फोल्डरला जोडली जाते. वीज आली, सर्व्हर उठला, डिस्क काही माउंट झाली नाही; फोल्डर मात्र जागेवर असतंच. सॉफ्टवेअर त्यात लिहीत राहतं आणि सगळा भार ऑपरेटिंग सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर पडतो. ८ टीबीचा माल १०० जीबीत मावणार कसा? ती भरली की लॉग थांबतात, सेवा कोलमडतात, आणि त्या सर्व्हरवरच्या बाकी धडधाकट डिस्कही निकामी ठरतात. मग घाईघाईत कोणीतरी मूळ डिस्क माउंट करतं आणि चुकीच्या जागी लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. डिस्क किती भरली हे सांगणारी ‘डीएफ’ आज्ञा १०० टक्के दाखवते, फाइलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ला २० जीबीही सापडत नाही. रूट, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल सिस्टिम, दुसऱ्या फोल्डरवरही जोडून (बाइंड-माउंट करून) पाहिली की दडलेल्या फाइल दिसतात. त्या लगेच पुसू नयेत. काहींची शेवटची प्रत तिथेच असू शकते.

उपाय फुकटचा आहे. माउंट करण्यापूर्वी त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ आज्ञेने इम्युटेबल, म्हणजे बदलता न येणारं, करून ठेवा. नुसत्या परवानग्या काढून भागत नाही, रूट हा सर्वाधिकार असलेला वापरकर्ता त्यांना जुमानत नाही. इम्युटेबल फोल्डरमध्ये मात्र रूटलाही लिहिता येत नाही. कोणती डिस्क कुठे माउंट करायची याच्या ‘एफएसटॅब’ यादीत एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं नकोत, रीबूटनंतर ती बदलू शकतात; यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक लिहा. डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होऊ देणारा ‘नोफेल’ हा पर्यायही हवा, नाहीतर एका डिस्कपायी अख्खा सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. पण ‘नोफेल’मुळेच सर्व्हर डिस्कशिवाय गुपचूप सुरू होतो, म्हणून वरची खबरदारी टाळता येत नाही. अशा प्रती ठेवणाऱ्या ओपनस्टॅक स्विफ्ट या सॉफ्टवेअरमध्ये ‘माउंट चेक’ मुळातच चालू असतं: डिस्क नसेल तर सर्व्हर ५०७ हा त्रुटी-कोड उत्तरात देतो आणि ती प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते. चाचणीसाठी ते बंद केलं असेल, तर खरं काम सुरू करण्याआधी आठवणीने चालू करा. ग्लस्टर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ब्रिक (माल साठवायचं फोल्डर) थेट माउंटवर न ठेवता त्याच्या आतल्या उपफोल्डरात ठेवावी, म्हणजे डिस्क नसेल तर ते सापडतच नाही.

डिस्क काढताना आधी सिरियल नंबर ताडून पाहा. चुकीची डिस्क ओढली की दोन प्रती एकदम जाऊ शकतात. ‘टार्गेट इज बिझी’ (डिस्क वापरात आहे) असा संदेश आला तर लेझी अनमाउंट, म्हणजे वापर संपण्याची वाट न पाहता डिस्क वेगळी करणं, टाळा. डिस्क वरवर निघाल्यासारखी दिसते, पण आधीच उघडलेल्या फाइलींत लेखन चालूच राहतं. सेवा थांबवा, मग अनमाउंट करा.

परत लावण्यातही धोका आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पुसलेल्या मालाची नोंद स्विफ्ट मूळ सेटिंगनुसार ७ दिवस ठेवतं, कॅसँड्रा हा डेटाबेस १० दिवस. त्याहून जास्त दिवस बाहेर राहिलेली डिस्क तशीच जोडली, तर पुसलेला माल जिवंत होऊन इतर सर्व्हरवरही पसरतो. अशी डिस्क फॉरमॅट करून कोरीच लावा, स्विफ्टमध्ये प्रती आपोआप भरतात.

वार्षिक देखभालीच्या करारावर सही करण्याआधी संस्थाचालकांनी एवढं जरूर करावं: बाकीच्या प्रती पूर्ण असल्याची खात्री करून घ्या, सेवा थांबवून एक डिस्क आपल्यासमोर अनमाउंट करायला सांगा आणि सेवा पुन्हा सुरू करा. १० मिनिटांनी त्या फोल्डरात एकही फाइल दिसता कामा नये.

आपले,
सर्व्हर देखभालीचं काम करणारे तंत्रज्ञ, सोलापूर