महालातल्या रिपेअरिंगवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमच्या यादीनं जोडलेला नवा कॉम्प्युटर छान चालू आहे. हे फोनवर सांगितलंच होतं, पण बाकीचं जे बोलायचं होतं ते राहून गेलं. तुमच्याकडे गिऱ्हाईक उभं होतं आणि माझाही आवाज भरून आला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही केलं तसं वागणारी माणसं आपल्या नागपुरात आहेत, हे लोकांना कळायला हवं. तुमचं नाव आणि गल्ली लिहीत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून.

तुमच्याकडे येण्याआधी काय झालं ते थोडं लिहिते, कारण तो राग अजून गेलेला नाही.

हातात पन्नास हजार होते. बरेचसे माझ्या ट्यूशनचे, उरलेले आईनं भिशी लागली तेव्हा काढून दिलेले. एवढ्यात नवा कॉम्प्युटर, मॉनिटरपासून यूपीएसपर्यंत सगळा बसवायचा होता. बाबांना घेऊन बर्डीवर फिरले, मग धरमपेठेत. काउंटरवर पहिला प्रश्न "बजेट किती?" आणि दुसरा "गेमिंग का ऑफिस?" मी सांगायची की दोन्ही नाही, मी उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करते. ते ऐकलं की समोरचा माणूस बाबांकडे वळायचा. विचारायचं मी आणि उत्तर बाबांना. बाबांनी एकदा सरळ म्हटलं, "तिलेच सांगा, तिलेच समजते." तरी त्या माणसाची मान काही माझ्याकडे वळली नाही.

एका ठिकाणी कोटेशन मिळालं: आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांचं आरजीबी कॅबिनेट. संपलं. कोणत्या जनरेशनचा आय-फाइव्ह, असं विचारलं तर म्हणे, "आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह, मॅडम." पहिला आय-फाइव्ह बाजारात आला २००९ साली. चौदाव्या जनरेशनचाही आय-फाइव्हच, तो २०२३ चा. त्यातला कोणता देणार, एवढंच मला हवं होतं, आणि ते विचारणं म्हणजे जणू त्यांच्या इमानावर संशय घेणं. एसएमपीएस कोणता, तर "तो कॅबिनेटसोबत फ्री येतो." घरची वीज ज्यातून आत जाते आणि बोर्डापासून डिस्कपर्यंत सगळ्यांना वाटली जाते, ती वस्तू कोणत्या कंपनीची हे सांगायचीही गरज कोणाला वाटली नाही. निम्मं बजेट मात्र ग्राफिक्स कार्डात घातलेलं. ज्या शहरात एमआरसॅक, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं राज्याचं केंद्र आहे, मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय ब्यूरोचं मुख्यालय आहे, तिथे नकाशाचं काम करणाऱ्या पोरीला कसलं मशीन लागतं हे एकालाही विचारावंसं वाटू नये, याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे मी नवीन काही घ्यायला आलेच नव्हते. जुन्या लॅपटॉपची हिंज तुटली होती. ती बसवून झाली, तुम्ही मशीन चालू करून पाहिलं आणि विचारलं, "एवढा गरम कायनं होऊन राहिला हा? काय करता याच्यावर?" मी नेहमीचं उत्तर दिलं, नकाशे. वाटलं, आता विषय संपला.

तुम्ही पेचकस खाली ठेवला. आतून दुसरा स्टूल आणला, फडक्यानं पुसला, काउंटरच्या आत तुमच्या स्टूलशेजारी ठेवला आणि म्हणालात, "बसा ताई. करून दाखवा न."

दादा, हे सगळं पत्र खरं म्हणजे त्या स्टूलासाठी आहे. इतक्या दुकानांत गेले, सगळीकडे काउंटरच्या बाहेर उभी राहून बोलले. आत बोलावून, बसवून, माझं काम बघू द्या असं म्हणणारे तुम्ही पहिले. आणि तुमचा त्यात एक पैशाचा फायदा नव्हता. नवे पार्ट तुम्ही विकतच नाही.

मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं एक चित्र घेतलं. साधारण शंभर किलोमीटर बाजूचा तो चौकोन, फाइल पाऊण-एक जीबीची. युरोपची अंतराळ संस्था ही चित्रं सगळ्यांना फुकट देते, हे ऐकून तुम्हाला किती आनंद झाला होता! चित्रातला एकेक बँड म्हणजे एकेका प्रकारच्या प्रकाशाची नोंद. तिसरा बँड हिरवा, आठवा जवळच्या अवरक्त किरणांचा. या दोघांचं गणित केलं की पाणी वेगळं निघतं, दहा मीटरच्या बारकाईनं. मी भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव काढते. कोहळी लोकांनी बांधलेले, धानाच्या शेतीला पाणी पुरवणारे. त्यातले किती बुजले, किती आक्रसले, हा माझा अभ्यास. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून विचारलंत, "हा नवेगाव बांध न?" तोच होता.

गणित सुरू केलं आणि लॅपटॉप नेहमीसारखा अडकला. तुम्ही टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९७ टक्के, डिस्क १०० टक्के, आणि प्रोसेसर पंचविशीतही नाही. "पाहा," तुम्ही म्हणालात, "प्रोसेसर तर रिकामा बसून आहे. मेमरी भरली म्हणून सगळा माल डिस्कवर नेऊन टाकून राहिला, अन् तिथून परत आणून राहिला. ताई, तुमचं दुखणं मेमरीचं आहे. कार्ड कायले घेता?"

इतके दिवस मला कोणी हे दाखवलं नव्हतं. माझ्याच मशीनवर, माझ्याच कामात दिसत होतं ते.

मग तुम्ही जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला यादी लिहिली. प्रत्येक पार्टच्या समोर कारण. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, कारण सहा कोअर आहेत आणि ग्राफिक्स आतच आहे, वेगळ्या कार्डाचे पैसे वाचतात. मेमरी ३२ जीबी, पण १६-१६ च्या दोन, कारण दोन असल्या की दोन वाटांनी काम चालतं आणि आतलं ग्राफिक्स याच मेमरीतून वाटा घेतं. बोर्ड चार स्लॉटचाच, पुढे पैसे आले की वाढवता येईल. डिस्क म्हणून एसएसडी, एक टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी वेगवान, पण जेन-३ ची, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगाची. दुकानदार जेन-४ चा आग्रह धरतील, असं तुम्ही आधीच सांगितलं होतं. हा प्रोसेसर जेन-३ च्या वर जातच नाही, त्यामुळे वरचे पैसे वाया. खरंच धरला आग्रह. मी जॉबकार्ड बघून नाही म्हटलं, आणि पहिल्यांदा असं झालं की दुकानदारानं माझ्याकडे बघून "बरोबर आहे" म्हटलं.

एसएमपीएससमोर तुम्ही दोनदा रेघ ओढली होती. एटी प्लस ब्राँझ, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला, ओळखीच्या कंपनीचा, ४५० वॅट पुरे. इथे काटकसर करायची नाही, कॅबिनेटमध्ये करायची. कॅबिनेट पुढून जाळीचं, काचेचं नाही, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि काचेच्या आत हवा खेळत नाही. कॉम्प्युटरचं टेबल घरच्या कूलरच्या झोतात ठेवायचं नाही, ती हवा ओली असते. कोणत्याही व्हिडिओत मला हे ऐकायला मिळालं नव्हतं. व्हिडिओ करणाऱ्यांच्या घरी एसी असतो. आपल्याकडे खसाच्या ताट्यांचा कूलर.

आणि मग तो प्रश्न, "घरी अर्थिंग आहे का?"

मी म्हटलं, तीन पिनांचं सॉकेट आहे. तुम्ही म्हणालात, सॉकेट आहे हो, पण तिसऱ्या भोकामागं वायर आहे का ते पाहून घ्या. बाबांनी आमच्या ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडला, तर वायर नव्हतीच. घर बांधलं तेव्हापासून नव्हती. त्यानं अंगणात खड्डा घेऊन अर्थिंग नीट केलं. आमच्या फ्रिजला ओल्या हातानं शिवलं की झिणझिण्या यायच्या, आई कायम लाकडी पाटावर उभी राहून दार उघडायची. सगळ्यांना वाटायचं, फ्रिजच जुना आहे. आता तो पाट देवघरात गेला. आईनं तुम्हाला पाहिलेलंही नाही, पण कॉम्प्युटरवाल्या दादांनी माझा फ्रिज दुरुस्त केला, असं ती शेजारणींना सांगते.

पार्ट कुठून घेतले, बिलावर सिरीयल नंबर लिहून घेण्यासाठी काय वाद झाला, ते सोडून देते. घेतले, जीएसटीच्या बिलासकट घेतले आणि तुमच्याकडे आणले. तुम्ही जोडून द्याल असं वाटलं होतं. तुम्ही प्रोसेसरची डबी माझ्या हातात दिली. खाली १३३१ पिना, एक वाकली तर गेला. "कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणावर आणा. दाबायचं नाही, सोडायचं. आपोआप बसते." एवढं सांगून तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात. बाबांनी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं उघडली आहेत. परतताना ते म्हणाले, "चांगला उस्ताद आहे. शिकणाऱ्याच्या हातातलं काम घेतलं नाही त्यानं." बाबा कोणाची अशी तारीफ करत नाहीत.

मला वाटतं, माणसाचा चांगुलपणा ज्ञान कसं देतो त्यात फार दिसतो. येतं सगळ्यांनाच काही ना काही. पण समोरच्याला आधी बोलू द्यायचं, तिचं काम समजून घ्यायचं आणि मग आपलं सांगायचं, याला मन मोठं लागतं. आमच्या वायरमननंही खड्डा घेताना मला बोलावून दाखवलं, मीठ-कोळसा का घालतात ते सांगितलं. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्यांची कामं होतात. आम्हाला काउंटरवर ताटकळवणाऱ्यांनी हे वाचलं तर मला बरंच वाटेल. त्यांच्या दुकानांत पार्टची कमी नव्हती. एक स्टूल आतून आणायचा होता.

जोडणीचे पैसे तुम्ही फारच कमी घेतले, तेव्हा मी वाद घातला आणि हरले. आईनं दिलेला संत्रा बर्फीचा डबा तुम्ही घेतला, तेवढंच समाधान.

आता एक काम आहे. उमरेडची माझी मैत्रीण लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तिलाही असेंबल करायचा आहे, बजेट माझ्यापेक्षा कमी. तिनं माझी यादी मागितली, मी दिली नाही. व्हिडिओचं काम वेगळं, तिला कदाचित कार्ड लागेलही. मंगळवारी दुपारी तिला घेऊन येते. लाजते फार, पटकन बोलणार नाही. तिचा लॅपटॉप सोबत आणायला सांगितलंय, चार्जर आणि अर्धवट एडिट केलेल्या एका लग्नासकट.

तुमची,
तलावांच्या नकाशावाली ताई