जुन्या प्रणालीला नवे ग्राफिक्स कार्ड: शेवटचा ड्रायव्हर काढून टाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) नियमित सेवा, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आणि तेव्हापासून ‘जुना संगणक काढून टाका, नवा घ्या’ हा सल्ला सर्व बाजूंनी ऐकू येत आहे. घरगुती वापरापुरता हा सल्ला एक वेळ मान्य करता येईल. परंतु मी मिरज-सांगली भागातील छापखान्यांचे आणि डीटीपीच्या (संगणकावर पाने जुळवण्याच्या) दुकानांचे संगणक दुरुस्त करण्याचे काम करतो आणि तेथे आजही काही टेबलांवर विंडोज ७ वर, तर काही ठिकाणी त्याहूनही जुन्या विंडोज एक्सपीवर काम चालते. ही यंत्रे कोणी हौसेने किंवा आळसाने ठेवलेली नाहीत. त्यांतले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, बिघडले की मालकाची जी कोंडी होते, तिच्याकडे आपल्या दैनिकामार्फत ग्राहक व्यवहार विभागाचे आणि संगणक विक्रेत्यांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

जुनी प्रणाली सोडता का येत नाही, हे प्रथम सांगतो. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांमध्ये जुळवला जात असे, त्या फाँटांतील अक्षरांची मांडणी प्रत्येक कंपनीगणिक वेगळी होती. पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टंकन सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली फाइल श्रीलिपी या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये उघडली, तर पडद्यावर नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. हा मजकूर बहुतेक वेळा पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला असे आणि ॲडोबीने पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ मध्ये काढली. पुढे त्याच कंपनीच्या इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय होती. नंतरच्या सीसी आवृत्त्यांमध्ये तीही राहिली नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत आणि ती उपयुक्तही आहेत, पण जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर, त्यामुळे रूपांतर करताना त्यांची जागा बदलावी लागते. एखादे अवघड जोडाक्षर मध्ये आले की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि चारशे पानांच्या पुस्तकाची मुद्रिते नव्याने वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एखाद्या प्रकाशकाला वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असेल, तर ज्या यंत्रावर ते जुळवले गेले त्याच यंत्रावरून त्याच्या प्लेटा काढणे हा अजूनही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. शिवाय या मराठी सॉफ्टवेअरांना हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायची छोटी किल्ली, जिच्याविना सॉफ्टवेअर चालत नाही) असते आणि ते लॉक नव्या प्रणालीत ओळखले जाईलच, याची शाश्वती नसते.

छापखान्याच्या हवेत कागदाची भुकटी असते आणि ऑफसेट यंत्राजवळ स्प्रे पावडर उडत असते. ती कार्डाच्या छोट्या पंख्यात जाऊन बसते, पंखा अडकतो, चिप तापते आणि एक दिवस पडद्यावर रंगीत पट्टे येऊन काम थांबते. मालक बाजारात जातो. तेथे त्याला ‘जुने आता मिळत नाही, हे नवे घ्या, चालेल’ असे सांगितले जाते. नवे कार्ड खाचेत व्यवस्थित बसते, कारण पीसीआय एक्सप्रेसची खाच २००४ पासून त्याच मापाची आहे आणि नवे कार्ड जुन्या खाचेतही बहुधा चालते. संगणक सुरू होतो, पण एक्सपीला कार्डाची ओळख पटत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ कंट्रोलर’ या नावापुढे पिवळे प्रश्नचिन्ह उभे राहते आणि प्रणाली सामान्य व्हीजीए पद्धतीवर उतरून पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांवर आणते. पेजमेकरमध्ये समोरासमोरची दोन पाने उघडून ती जरा खाली सरकवली, तर पान एका वेळी न हलता वरून खाली पट्टीपट्टीने पुन्हा रंगवले जाताना डोळ्यांना दिसते. रंग कमी पडल्याने छायाचित्राची छटा ओळखता येत नाही आणि दुसरा मॉनिटर जोडून उपयोग नसतो. अशा पडद्यावर ओळींमधील अंतर ठरवणाऱ्या ऑपरेटरचे हाल मी जवळून पाहतो, म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

कार्डात मुळात काही बिघाड नसतो. अडचण असते ती ड्रायव्हरची, म्हणजे प्रणालीला ते कार्ड चालवता यावे यासाठीच्या सॉफ्टवेअरची. एक्सपीमध्ये पडद्याच्या ड्रायव्हरची रचना जुनी असून त्याचा बराचसा भाग प्रणालीच्या गाभ्यातच चालतो. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूडीडीएम नावाची नवी रचना आणली आणि ड्रायव्हरचे दोन भाग करून एक गाभ्यात व एक बाहेर ठेवला. विंडोज ७ मध्ये या रचनेची १.१ ही आवृत्ती आहे, तर विंडोज १० मध्ये ती २.० पासून सुरू होते. विंडोज ७ मध्ये एक्सपीच्या रचनेचा ड्रायव्हरही चालू शकतो, पण नव्या रचनेसाठी लिहिलेला ड्रायव्हर एक्सपीला चालवताच येत नाही. म्हणून एक्सपीसाठी ड्रायव्हर हवा असेल तर तो निर्मात्याने वेगळा लिहिलेला असावा लागतो, आणि प्रणालीची सेवा थांबल्यानंतर हे काम कोणती कंपनी किती काळ करील, हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असते.

ही मर्जी प्रत्येक वेळी प्रतिकूल होती असे नाही, हे नमूद करणे न्यायाचे आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सेवा ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केली; एनव्हिडिया या चिपनिर्मात्या कंपनीचे जीटीएक्स ९६० हे कार्ड जानेवारी २०१५ मध्ये बाजारात आले आणि तरीही त्याला एक्सपीचा अधिकृत ड्रायव्हर मिळाला. एक्सपीसाठीचा त्यांचा शेवटचा ड्रायव्हर ३६८.८१ या क्रमांकाचा असून तो जुलै २०१६ मधला आहे. एएमडी या दुसऱ्या चिपनिर्मात्या कंपनीने मात्र २०१४ च्या कॅटालिस्ट १४.४ या ड्रायव्हरनंतर एक्सपीकडे पाहिले नाही. विंडोज ७ ची सेवा १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तरी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेच्या कार्डांना त्या प्रणालीचा ड्रायव्हर मिळाला; ऑक्टोबर २०२१ पासून तेथे केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या उरल्या आणि त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच. २०२२ च्या अखेरीस आलेल्या आरटीएक्स ४० मालिकेला विंडोज ७ चा ड्रायव्हर नाही.

हे क्रमांक आणि तारखा माहीत असतील तर मार्ग निघतो. माहीत नसतील तर दुकानात फसगत होते, आणि तिचे सर्वांत नेहमीचे उदाहरण म्हणजे एनव्हिडियाची जीटी ७३० आणि जीटी १०३० ही दोन कार्डे. दोन्ही आकाराने लहान, दोन्हींना वेगळी वीजजोडणी लागत नाही आणि दोन्ही साध्या कामासाठी म्हणून विकली जातात. त्यांपैकी जीटी ७३० एक्सपीवर अधिकृत ड्रायव्हरसह चालते. जीटी १०३० हे २०१७ मधले, पास्कल या नंतरच्या चिप-पिढीचे कार्ड. त्या पिढीसाठी एक्सपीचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. ‘हजाराचा आकडा आहे, म्हणजे अधिक चांगले’ असे समजून ते घेणाऱ्या छापखानामालकाला कोणी सांगत नाही की त्याच्या यंत्रासाठी कमी आकड्याचेच कार्ड योग्य होते. शिवाय एनव्हिडियाच्या १० मालिकेपासून, जिच्यात जीटी १०३० येते, डीव्हीआय या मॉनिटरच्या जोडणीतले जुन्या पद्धतीचे ॲनालॉग संकेत गेले, त्यामुळे जुन्या निळ्या व्हीजीए वायरीचा मॉनिटर साध्या जोडणीने त्यावर चालत नाही. त्यासाठी संकेत बदलून देणारा वेगळा ॲडॅप्टर घ्यावा लागतो.

अधिकृत यादीत नसलेले कार्ड चालवण्याची एक वाटही जाणकारांना ठाऊक आहे. ड्रायव्हरसोबत आयएनएफ नावाची एक साधी मजकुराची फाइल येते आणि कोणत्या कार्डांवर हा ड्रायव्हर बसवावा याची यादी तिच्यात असते. प्रत्येक कार्डाला निर्मात्याचा आणि उपकरणाचा असे दोन क्रमांक असतात; निर्मात्याचा क्रमांक एनव्हिडियासाठी १०डीई, एएमडीसाठी १००२ आणि इंटेलसाठी ८०८६ असा आहे. जीटीएक्स ९७० आणि ९८० ही कार्डे एक्सपीच्या यादीत नाहीत, परंतु त्यांची चिप ९६० प्रमाणेच मॅक्सवेल पिढीची असल्याने आयएनएफ फाइलमध्ये त्यांच्या क्रमांकाची ओळ वाढवून अनेकांनी ती एक्सपीवर चालवली आहेत. हीच युक्ती पास्कल कार्डासाठी केली तर काही साधत नाही, कारण ती चिप सुरू कशी करायची हेच त्या ड्रायव्हरला ठाऊक नसते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी निर्मात्याची डिजिटल सही जुळेनाशी होते. एक्सपी त्यावर इशारा देऊन पुढे जाऊ देते, तर ६४ बिटांची विंडोज ७ याबाबत बरीच कडक आहे. त्याच विंडोज ७ मध्ये नंतरच्या काळातले ड्रायव्हर बसवताना आणखी एक अडथळा येतो. हे ड्रायव्हर शा-२ या डिजिटल सहीच्या नव्या पद्धतीने सही केलेले असतात आणि मायक्रोसॉफ्टची २०१९ मधली केबी ४४७४४१९ ही दुरुस्ती आधी बसवलेली नसेल तर प्रणालीला ती सही वाचताच येत नाही. योग्य कार्ड आणि योग्य ड्रायव्हर हातात असूनही या एका दुरुस्तीअभावी कार्ड सदोष ठरवून परत केले जाते.

येथे कोणी विचारील की एवढा खटाटोप करण्याऐवजी नव्या संगणकात आभासी यंत्र (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक) करून एक्सपी त्यात का चालवू नये. ज्यांच्या सॉफ्टवेअरचे लॉक यूएसबीचे आहे आणि आभासी यंत्रात ओळखले जाते, त्यांनी जरूर तसे करावे; मीही अनेकांना हेच सुचवतो, कारण तेथे प्रणालीला खरे कार्ड दिसतच नाही आणि ड्रायव्हरचा प्रश्न मिटतो. पण ज्यांचे लॉक प्रिंटरच्या जुन्या समांतर पोर्टात बसते किंवा ज्यांच्या यंत्राला जुना फिल्म इमेजसेटर (छपाईसाठी फिल्म काढणारे यंत्र) जोडलेला आहे, त्यांना हा मार्ग बहुधा बंद असतो. सगळा संगणकच नवा घेऊन त्यावर एक्सपी बसवणे तर त्याहून अवघड आहे, कारण एक्सपीला यूईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने सुरू होता येत नाही आणि जुन्या पद्धतीची सीएसएम ही सोय नव्या मदरबोर्डांमधून कमी होत चालली आहे. जुन्या प्रणालीचे यंत्र इंटरनेटला जोडू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

माझी मुख्य तक्रार याच ठिकाणी येते. इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या यंत्रासाठी ड्रायव्हर मात्र इंटरनेटवरूनच आणावा लागतो आणि अधिकृत पानांवरून जुन्या फाइली हळूहळू नाहीशा होत आहेत. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये शा-१ या जुन्या पद्धतीची सही असलेल्या फाइली आपल्या डाउनलोड केंद्रातून काढल्या, तेव्हा एक्सपीच्या काळातील कितीतरी गोष्टी एकाच वेळी गेल्या. त्यामागे सुरक्षेचे कारण होते आणि ते कारण खरेही होते. परंतु अधिकृत फाइल मिळेनाशी झाली की गरजू माणूस अनोळखी संकेतस्थळावरून ‘सर्व ड्रायव्हर एकत्र’ अशा नावाचा गठ्ठा उतरवतो, आणि त्यातून जे व्हायरस यंत्रात शिरतात ते मी वारंवार काढत असतो. सुरक्षेसाठी काढलेल्या फाइलीमुळे ग्राहक अधिक असुरक्षित जागी ढकलला जातो, ही गोष्ट कंपन्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले आणि त्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. ग्राफिक्स कार्डासारख्या वस्तूच्या बाबतीत ड्रायव्हर हाही एक सुटा भागच मानला पाहिजे, कारण त्याच्याविना चांगले कार्ड निरुपयोगी ठरते. म्हणून विभागाने दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात अशी माझी विनंती आहे. हे कार्ड कोणत्या प्रणालींवर चालते आणि त्या प्रत्येक प्रणालीसाठी शेवटचा ड्रायव्हर कोणत्या क्रमांकाचा आहे, हे कार्डाच्या पेटीवर ठळकपणे छापलेले असावे. आज पेटीवर मेमरी आणि वेग मोठ्या अक्षरांत असतात आणि ही माहिती शोधावी लागते. तसेच एखाद्या प्रणालीची सेवा कंपनीने थांबवली तरी तिचा शेवटचा ड्रायव्हर, फाइल अस्सल असल्याची पडताळणी करता येईल अशा खुणेसह, कंपनीच्या संकेतस्थळावर कायम उपलब्ध असावा. नवा ड्रायव्हर लिहा असा आग्रह कोणी धरत नाही. जो लिहून झाला आहे तो जपून ठेवण्याचा खर्च या कंपन्यांना जड जाऊ नये. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची तांत्रिक माहिती लिनक्स या खुल्या प्रणालीसाठी खुली केली आणि एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरचा गाभ्यातील भाग खुला केला. इतके करू शकणाऱ्या कंपन्यांकडून जुन्या विंडोजसाठी एवढी अपेक्षा ठेवणे मला वाजवी वाटते.

पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथील विक्रेत्यांना नियमाची वाट न पाहताही एक गोष्ट करता येईल. ग्राहक कार्ड मागायला आला की त्याच्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे हे आधी विचारावे आणि बिलावर तसे लिहून द्यावे. छापखानामालकांनाही सुचवावेसे वाटते की जुने यंत्र चालू आहे तोवरच एक जीटी ७१० किंवा जीटी ७३० घेऊन ठेवावे, एक्सपीचा ३६८.८१ हा ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत पानावरून उतरवून दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हांवर साठवावा, आणि कार्डाचे नाव व ड्रायव्हरचा क्रमांक कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्याला तो शोधत बसावे लागणार नाही.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, मिरज