कोणता सण चुकला, हे विचारायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी,

माझ्या थिसिसच्या आभाराच्या पानावर अकरा नावं आहेत. गाइड सर, एचओडी मॅडम, स्टॅटिस्टिक्सवाले सर, आई-बाबा, इतकंच काय, टायपिंग करून देणारा दुकानदारसुद्धा. तुमचं नाही. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी बांधून द्यावा लागतो आणि तुम्ही मला शिकवायला घेतलंत ते त्यानंतर, मी एकदा नापास झाल्यावर. म्हणून हे पत्र. महिनाअखेरीला तुम्ही आमच्या लेबर रूमच्या कामातून रिटायर होताय असं कळलं. समोर येऊन बोलले असते तर "बास की ओ मॅडम" म्हणत बादली उचलून तुम्ही चालत्या झाला असता. हे नात वाचून दाखवेल, आणि चारचौघांत छापलेलं असल्यामुळे तुम्हाला मध्येच उठता येणार नाही.

इतरांना कळावं म्हणून थोडं सांगते. स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या एमएसला तीन वर्षांच्या शेवटी शंभर-शंभर मार्कांचे चार पेपर असतात, आणि मग प्रॅक्टिकल. दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के पडावे लागतात. प्रॅक्टिकलला एक लाँग केस, म्हणजे एका पेशंटला सगळं विचारून, तपासून परीक्षकांपुढे मांडायचं, मग शॉर्ट केस, मग टेबलाटेबलावर तोंडी. कुठे इन्स्ट्रुमेंट मांडलेली, कुठे बरणीतले नमुने, कुठे हाडाचा पेल्व्हिस आणि कापडी बाहुली. पेपर मी पहिल्याच वेळी काढले होते. आपटले ती लाँग केसला.

त्या बाईला मी विचारलं, "शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती?" ती म्हणाली, "माहीत नाही." मी कागदावर "तारीख अनिश्चित" असं लिहिलं आणि पुढे गेले. पोटावर टेप लावली, 30 सेंटिमीटर भरलं. 24 ते 36 आठवड्यांच्या मध्ये सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, म्हणून दिलं ठोकून, तीस आठवडे. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "बाळ लहान आहे, की दिवस कमी आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 30 सेंटिमीटर म्हणजे तीस आठवड्यांचं ठणठणीत बाळ असू शकतं, नाहीतर चौतीस आठवड्यांचं वाढ खुंटलेलं. पहिल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन पुढच्या तारखेला बोलावता येतं. दुसरीला तसं घरी पाठवलं तर बाळ पोटातच जाऊ शकतं. सगळा फरक त्या एका तारखेत, आणि ती तारीख मी "माहीत नाही" एवढ्यावर सोडून दिली होती. नापास केलं ते बरोबरच केलं.

निकालाच्या दिवशी माझी नाईट होती. तुम्ही चहा आणलात. "होईल पुढच्या वेळी" वगैरे काही म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. तोवर चौदा जणांनी ते म्हणून झालं होतं. तुम्ही विचारलंत, "नेमकं काय विचारलं त्यांनी?" मी सांगितलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "तारीख कुणाच्या ध्यानात राहते ओ? कोणता सण चुकला ते विचारायचं."

मला कळलं नाही. मग तुम्ही मला सहा नंबरच्या बेडपाशी नेलंत. केसपेपरवर माझ्याच अक्षरात "तारीख अनिश्चित" लिहिलेलं. तुम्ही त्या बाईच्या पायावरची चादर सारखी करता करता विचारलंत, "गौरीला पूजा तू केलीस का गं, का जावेनं?" ती लगेच म्हणाली, "जावेनं. मला आदल्या रात्रीच अडचण आली." झालं. गौरी पूजनाच्या आदल्या दिवसाची तारीख कॅलेंडरमध्ये छापलेली असते.

पाळी आली म्हणून बाई कशाकशाला मुकते, हे तिच्या पक्कं लक्षात असतं. पाळी लक्षात नसते, मुकणं असतं. हे पटणारं आहे की चीड आणणारं, ते अजून माझं ठरलेलं नाही. पण तपासणीच्या टेबलावर ते कामाला येतं. तुमच्याकडे तर आख्खी यादीच होती. वटपौर्णिमा, नागपंचमी, आषाढीला पंढरपूरला जायचं राहिलं का. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू बायकांना नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयाचा रथ. मुसलमान बायकांना रमजानचे किती रोजे सुटले आणि कितव्यापासून. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात, त्यामुळे तो हिशोब कुठल्याही केसपेपरपेक्षा चोख. आणि आपल्या सोलापुरात सगळ्यांना मिळून गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा.

एक मात्र मी तुम्हाला तेव्हाही म्हणाले होते. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी न येताच दिवस गेलेले असतात, तिथे सण कामाचा नाही. ज्यांची पाळी पस्तीस दिवसांनी येते त्यांच्या तारखेत आठवडा वाढवावा लागतो. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग ते पण विचार की. तोंड आहे ना?"

त्यानंतरचे सहा महिने. रात्री दोन ते चारच्या मध्ये लेबर रूम शांत असली की तुम्ही रिकाम्या टेबलावर आडव्या व्हायच्या आणि पेशंट बनायच्या. कधी सातव्या महिन्यात फेफरं आलेली, कधी तीन वेळा पोट पडलेली, कधी अंग बाहेर येणारी म्हातारी. मुद्दाम तेलुगूत उत्तरं द्यायच्या. पहिल्या रात्री मी पोटावर हात ठेवला तर तुम्ही "अय्यो!" करून उठून बसलात. हात गार होते. "आधी चोळून घे. पोट गार हाताला घट्ट होतं, मग तुला डोकं लागणार का ढुंगण?" हे पाठ्यपुस्तकातही आहे, पण पुस्तक ओरडत नाही. दुसऱ्या रात्री मी भिंतीकडे बघत केस प्रेझेंट करत होते, तर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "कुणाला सांगायलीस? मला की कागदाला?"

आणि ते मोजणं. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मला वाटलं होतं तोंडीची तयारी तुमच्यापुढे कशी होणार. तुम्ही म्हणालात, आधी आकडा सांग, मग एकेक बोल, मी मोजते. इथे यायच्या आधी तुम्ही वर्षानुवर्षं विड्या वळल्या होत्या, कट्टे मोजून दिल्या होत्या. मोजणीत कुणी तुम्हाला गंडवू शकत नव्हतं. मी म्हणायचे, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची कारणं चार. गर्भाशय सैल पडणं, कुठे फाटणं, वारेचा तुकडा आत राहणं. तुमची तीन बोटं वर, चौथं तसंच मिटलेलं. मी गप्प. "चार म्हणालीस ना? एक कट्ट्यात कमी आहे." रक्त न गोठणं! फेफऱ्यावरच्या मॅगसल्फचा पुढचा डोस टोचण्याआधी बघायच्या गोष्टी तीन: गुडघ्याचा झटका, श्वास, लघवी. झटका गेला तर डोस थांबवायचा. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट. पहिला डोस किती, तर 4 ग्रॅम शिरेतून आणि 5-5 ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांवर, तुम्ही म्हणालात, "हे चौदा झाले." बरोबर, चौदाच. रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत. गर्भाशय आवळणाऱ्या औषधांपैकी कार्बोप्रोस्ट दमेकरी बाईला नाही, मेथर्जिन बीपीवाल्या बाईला नाही. गर्भपिशवीचं तोंड बांधणारा शिरोडकरांचा टाका ऐकून तुम्ही विचारलंत, "आपल्यातलेच का हे?" मी म्हटलं, हो, मुंबईला होते, 1955 ला त्यांनी तो जगाला दाखवला. तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या वेळची लाँग केस मी तुम्हाला धड सांगितलीच नाही. निकाल लागल्यावर पेढे दिले आणि पळाले. तर ऐका. बत्तीस आठवडे, हिमोग्लोबिन 7.8. मी हात चोळून घेतले. बाईजवळ फाइल होती, फाइलमध्ये अकराव्या आठवड्यातली सोनोग्राफी. त्यावरून अपेक्षित तारीख 23 ऑक्टोबर. मला वाटलं, सुटलो, सण विचारायची गरजच नाही. मी तारीख सांगितली, तसा परीक्षक सरांनी तो रिपोर्ट उचलला आणि पालथा घालून ठेवला. "समजा हा नाहीच. आता?"

मी बाईकडे वळले. "ताई, यंदा गड्ड्याला गेला होता का?"

"गेले की. पण अक्षतेला नाही गेले."

"का?"

तिनं सरांकडे बघितलं आणि आवाज खाली केला. "त्याच दिवशी सकाळी बसले."

जत्रेतला अक्षतांचा सोहळा भोगीला, म्हणजे त्या वर्षी 13 जानेवारी. पाळी महिन्याच्या महिन्याला येते का, तेही विचारलं, येत होती. नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, 20 ऑक्टोबर. सरांनी रिपोर्ट सुलटा केला. तीन दिवसांचा फरक, आणि अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीशी सात दिवसांपर्यंत चालतो. सर म्हणाले, "पुढे." बस, एवढंच. तोंडीला रक्तस्रावाची कारणं विचारली तेव्हा ॲप्रनच्या खिशात मी बोटं मोजत होते.

आता मी मोहोळच्या बाजूला असते. रविवारी कुंभारीला तुमच्या घरकुलात येणार आहे. शेंगा चटणी करून ठेवू नका, मागच्या वेळची अजून आहे. पण तुमच्या यादीत भर घालायला एक केस आणते. ऊसतोडीच्या टोळीतली बाई होती, फडातून थेट आली. तारीख माहीत नाही. कोणता सण चुकला विचारलं तर म्हणाली, "आम्हाला कुठले सण? दिवाळी झाली की कोयता." मी जरा अडकले. मग विचारलं, कामाला लागलात तेव्हा पाळी येऊन गेली होती की यायची होती? ती म्हणाली, "कारखान्यात मोळी पडली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. पहिल्याच दिवसात फडात लई हाल झाले."

मी कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला आणि गळीत हंगाम कोणत्या तारखेला सुरू झाला ते विचारलं. पलीकडचा माणूस तारीख सांगून म्हणाला, "कशासाठी पाहिजे होती, मॅडम?"

तुमची,
नाईटवाली पोरगी